हिरवा कोंब

गेल्या आठवड्यात वेलचीला परत हिरवा कोंब आला. मागच्या दारी भांडी घासून झाल्यावर हात धुता धुता नजर गेली आणि दिसलाच, पट्टेवाल्या दांड्यांच्या मधोमध, बोटाएवढा, सरळसोट, तुकतुकीत, अंगावर पिवळी रेघ म्हणून नाही. बाकीचे कोंब त्याच्याआधी पंधरा दिवस आलेले आणि तरी हा चार दिवसांत त्यांच्या खांद्याला लागला. तो काढून टाकायचा असतो हे मला आता चांगलं माहीत आहे. पण दरवेळी विळा हातात घेतला की हात अडतोच. वाडीत वाढलेल्या माणसाला निरोगी कोंब कापायला कोणी शिकवलेलं नसतं.

आधी वेलची म्हणजे काय ते सांगते, कारण ती वेलची नाहीच.

2014 च्या जूनमध्ये दापोलीतल्या एका नर्सरीतून मी ती आणली. आमचं घर आंजर्ल्याच्या बाजूला, समुद्र चालत दहा मिनिटांवर, घरामागे वाडी, वाडीत पोफळी आणि माड, मधे दोन जायफळं, पोफळींवर मिरवेल चढवलेले, कडेला दालचिनी. एवढं सगळं आहे तर वेलदोडा का नको असं माझ्या मनात कधीपासून होतं. नर्सरीवाल्याने हे पट्ट्यापट्ट्याचं झाड दाखवलं, म्हणाला ही व्हेरिगेटेड वेलची, नवीन जात आहे, शोभेलाही होते. मी पानाचं टोक चुरगळून नाकाशी धरलं तर खरंच वेलदोड्याच्या जवळचा वास आला, म्हटलं झालं. मोटरसायकलवर मागे बसून ते झाड मांडीत धरून आणलं आणि त्याची पानं वाऱ्याने फाटू नयेत म्हणून सगळा रस्ता पदर त्याच्यावर धरून होते.

घरी आणल्यावर पहिल्यांदा नीट बघितलं. पान हातभर लांब, मधल्या शिरेपासून कडेपर्यंत तिरके पट्टे, काही हळदीसारखे पिवळे, काही साईच्या रंगाचे, काही पोपटी, आणि त्यांच्यामधे गडद हिरव्या रेघा, काही ठिकाणी सुतासारख्या बारीक, काही ठिकाणी बोटभर रुंद. शिरेच्या डाव्या बाजूचं उजव्या बाजूशी जुळत नाही. एका दांड्यावरची दोन पानं सारखी नाहीत. नवीन पान गुंडाळी करून वर येतं, तेव्हा बाहेरून फक्त एकच पट्टी दिसते, आत काय आहे ते उलगडेपर्यंत कळत नाही, आणि मी सांगते, दहा-अकरा वर्षं झाली तरी सकाळी उठून ती गुंडाळी सुटली का ते बघायला मी चहाच्या आधी मागच्या दारी जाते.

शेजारचे काका बघायला आले. त्यांनी जन्मभर वाडी केली, त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा. बराच वेळ पानं उलटून पालटून बघितली आणि म्हणाले, "वहिनी, ह्याला केवडा पडलाय हो. उपटून टाका, नाहीतर तुमच्या भेंड्यांना लागेल."

त्यांचं म्हणणं उगीच नव्हतं. भेंडीवर केवडा पडतो तेव्हा अगदी अशीच पानं पिवळी पडत जातात, आधी शिरा पिवळ्या, मग सगळंच पान, आणि भेंडी धरली तर ती पांढुरकी आणि निबर. तो व्हायरस असतो, पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि रोगट झाड उपटून टाकणं हाच त्यावर खरा उपाय. शेतकऱ्याच्या डोळ्याला हिरव्या पानातला पिवळा म्हणजे दुखणं, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते बरोबरच असतं. मी नंतर वाचलं की शोभेची काही झाडं खरोखर व्हायरसमुळेच चितकबरी झालेली आहेत, अबुटिलॉनची एक पिवळ्या ठिपक्यांची जात तर त्या व्हायरससकट हौसेने लावली जाते. पण माझ्या वेलचीचं तसं नव्हतं. मी भेंडीचे वाफे तिच्यापासून लांब केले, काकांच्या समाधानासाठी, आणि तिला ठेवली.

तीन वर्षं वाट बघितली. वेलदोड्याला फुलं बुंध्यातून येतात, जमिनीलगत तुरे सरपटतात आणि त्याला बोंडं धरतात हे मी ऐकलं होतं, म्हणून मी खाली वाकून वाकून बुंध्याशी बघायचे. 2017 च्या एप्रिलमध्ये फूल आलं ते दांड्याच्या शेंड्याला. वरून वाकून खाली लोंबणारा घोस, कळ्या गुळगुळीत, पांढऱ्या, टोकाला गुलाबी, शिंपल्यांची माळ ओवून टांगल्यासारख्या, आणि उमललं की आत पिवळ्यावर लाल रेघा. मी फोटो काढून पुतणीला पाठवला, ती तेव्हा कृषी विद्यापीठात शिकत होती. तिचा फोन आला, "काकू, ही वेलची नाहीये, ही अल्पिनिया. तुम्हाला फसवलं." मला राग यायला हवा होता. पण मी त्या घोसासमोर उभी होते आणि राग काही आला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. नाव मात्र घरात रुळलं होतं ते तसंच राहिलं.

अल्पिनिया हे नाव प्रॉस्पेरो अल्पिनी ह्या सोळाव्या शतकातल्या इटालियन वैद्याच्या नावावरून पडलं, झाड मात्र पूर्व आशियातलं. आलं, हळद, आंबेहळद, सोनटक्का आणि खरा वेलदोडा ही सगळी तिची भावकी, एकाच कुळातली. जमिनीखाली आल्यासारखा आडवा कंद, त्यातून कोंब वर येतात, आणि आपल्याला जे खोड वाटतं ते खरं तर पानांच्या देठांनी एकमेकांना गुंडाळून केलेलं असतं, केळीसारखं. एक दांडा साधारण दुसऱ्या वर्षी फुलतो आणि फुलून गेला की त्याचं काम संपलं, तो बुडापासून काढायचा. म्हणून दरवर्षी सगळे दांडे साफ करणाऱ्याला फुलं कधीच दिसत नाहीत. माझी पहिली दोन वर्षं तशीच गेली असणार.

आता हिरव्या कोंबाकडे येते.

पुतणीने मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. कोंबाच्या अगदी टोकाला पेशींचे थर असतात, एकावर एक, आणि अशा पट्टेवाल्या बहुतेक झाडांत त्यातल्या काही पेशी हरितद्रव्य करू शकतात, काही करू शकत नाहीत. दोन्ही एकाच टोकात शेजारी शेजारी नांदतात, एकत्र वाढतात, आणि पान उलगडतं तेव्हा जिथे ह्या तिथे हिरवा पट्टा, जिथे त्या तिथे पिवळा. शास्त्रात त्याला कायमेरा म्हणतात, ग्रीकांच्या गोष्टीतला प्राणी, सिंहाचं तोंड, बकरीचं धड, सापाची शेपूट. आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ कोरलेला असतो, तसलं काहीतरी. सगळ्याच रंगीत झाडांचं असं नसतं, आमच्या गडग्यालगत क्रोटन लावलेत त्यांचा रंग जातीतच आहे, तो असा उडून जात नाही, फक्त सावलीत फिका पडतो. पण वेलचीसारख्यांचं कायम दोघांच्या समजुतीवर चाललेलं असतं. कंदावरचा एखादा डोळा नेमका फक्त हिरव्या पेशींमधून फुटला की तो कोंब सगळा हिरवा. फक्त पांढऱ्यांतून फुटला तर सगळा पांढरा, तो दिसतो अप्रतिम, एकदा आला होता माझ्याकडे, मेणाच्या पुतळीसारखा, तीन पानं काढली आणि वाळला. स्वतःचं अन्न स्वतःला करता येत नाही, शेजारच्या दांड्यांनी पोसलं तेवढे दिवस.

आणि हिरवा? हिरव्याचं पान न् पान कामाला लागलेलं, पिवळ्या भागाचा भार नाही, म्हणून तो भराभर वाढतो, उंच होतो, सावली धरतो, कंदाची जागा व्यापतो, त्याच्यापासून येतात ते पुढचे कोंबही हिरवेच. चार-पाच वर्षं लक्ष दिलं नाही तर कुंडीत नुसतं हिरवं झाड उरतं, आणि लोक म्हणतात आमच्या झाडाचा रंग गेला. रंग जात नाही, रंगवाले दांडे मागे पडतात आणि सरतात. बी लावून ती परत मिळत नाही, कंदाचा तुकडा करूनच लावावी लागते. म्हणजे जगात जिथे जिथे ही पट्टेवाली आहे तिथे कोणीतरी माणूस तिच्याशेजारी विळा घेऊन बसलेलं आहे असं माझ्या मनात येतं. माणूस उठून गेला की ती गेली.

बाकी निगा फार नाही, पण जी आहे ती चुकवून चालत नाही. दुपारचं ऊन नको, पिवळा भाग आधी करपतो, तपकिरी होतो आणि कागदासारखा कुरकुरीत. फार काळोखातही नको, मग पट्टे मळकट होतात. पोफळींच्या खालची सावली, जिथे उन्हाचे कवडसे फिरत राहतात, ती तिला सगळ्यात मानवते. लाल माती, कुजलेला पालापाचोळा, जुनं शेणखत, आणि नारळाची सोडणं भिजवून त्याचा कुटलेला भुसा. वाळू घालायची तर नदीची, पुळणीवरची नाही, ती चूक मी केली आहे. एप्रिल-मे मधे आमच्या खालच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, माडांना चालतं, वेलचीच्या पानांची टोकं लगेच जळतात, म्हणून ते दोन महिने वरच्या विहिरीवरून तिच्यापुरत्या दोन कळशा आणते. घरातले बोलतात, बोलू देत. पावसात उलटं, पागोळ्यांखाली कुंडी राहिली तर कंद कुजतो, तेव्हा आगोटीच्या कामात कौलं परतणं, लाकडं भरणं ह्यांच्याबरोबर वेलचीची कुंडी चिऱ्यांवर उचलून ठेवणं हेही एक काम असतं. पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत बसतो, तो कापूस ओला करून पुसून काढायचा, हाताने, प्रत्येक बगल. औषध मी मारत नाही.

3 जून 2020. निसर्ग वादळाबद्दल आमच्या बाजूला कोणाला काही वेगळं सांगावं लागत नाही. सकाळपासून वारा होता, दुपारी तो वारा राहिला नाही, दुसरंच काहीतरी झालं. आम्ही माजघरात बसून होतो आणि वर कौलं उडत होती, एकेक नाही, ओळीच्या ओळी, आणि वाडीतून पोफळी मोडल्याचे आवाज, काडकन आणि मग धप्प, काडकन आणि धप्प, हे मोजायला लागले ते वीसच्या पुढे सोडून दिले. संध्याकाळी बाहेर आले तर घरामागे आकाश होतं. एवढं आकाश मी त्या जागेवरून कधी बघितलं नव्हतं. सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी, त्यांच्या वडलांनी लावलेले माड. हे गडग्यावर बसून राहिले, किती वेळ ते मला माहीत नाही. महिनाभर लाइट नव्हती, लॉकडाऊन चालू होतं, पत्रे मिळत नव्हते.

त्यात एका कुंडीचं काय घेऊन बसायचं. मीही बसले नाही, दहा-बारा दिवस मला वेलची आठवलीसुद्धा नाही. मग झावळ्या ओढता ओढता सापडली, कुंडी फुटलेली, दांडे मुळापासून मोडलेले, खाऱ्या वाऱ्याने पानं शिजल्यासारखी काळी. कंद मात्र टणक होता. तो माजघराच्या भिंतीलगत तुटक्या घमेल्यात मातीत दाबून ठेवला आणि परत वाडी साफ करायला गेले.

सप्टेंबरात त्यातून दोन कोंब आले. दोन्ही हिरवे.

काका आले, त्यांच्या वाडीत तर माझ्याहून जास्त नुकसान, तरी कोंब बघून त्यांचा चेहरा फुलला. "बघा, बरं झालं की नाही झाड! गेला केवडा!" त्या वर्षी इतकं कमी काही बरं झालं होतं की मला त्यांना समजावून सांगवेना. मी म्हटलं, हो काका, बरं झालं.

पुतणीने फोनवर सांगितलं, काकू, लगेच काढा, नाहीतर पट्टेवाली परत येणार नाही. नियमाने तेच बरोबर. पण कंदाला एकही पान नव्हतं. जे काही अन्न येणार ते ह्या दोन कोंबांकडूनच येणार होतं. घरात आजारी माणूस असताना जो कमावतोय त्याला बाहेर काढा असं कोण सांगेल, मला तरी ते पटलं नाही. मी ठरवलं की ठेवायचे. ते हिरवे दोघं भराभर वाढले, कमरेला लागले, कंद पोसला. पुढच्या वर्षी मे मधे तौक्ते आलं, तेव्हा मी शहाणी झाले होते, घमेलं आदल्या दिवशीच आत घेतलं, उरलेल्या पोफळींपैकी आणखी काही गेल्या ते काही कोणाला आत घेता आलं नाही.

2021 च्या नोव्हेंबरात, सव्वा वर्षाने, हिरव्या दांड्यांच्या बुडाशी कंदाच्या जुन्या टोकाकडून एक लहानसा डोळा फुगला. त्याच्या आवरणावर केसाएवढी पिवळी रेघ होती. मी चष्मा पुसून परत बघितली. मग घरात जाऊन सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं, त्यांना दिसलं नाही, पण त्या म्हणाल्या, "आहे गो, आहे," आणि मला तेवढं पुरलं.

तो कोंब तीन पानांचा होईपर्यंत थांबले. मग 2022 च्या मृगात, हिरवे एकदा फुलून गेल्यावर, कंद उपसला, धुतला, आणि धारदार सुरीने दोन भाग केले. कापलेल्या जागी आतून फिका पिवळा रंग आणि तो वास, आलं आणि वेलदोडा आणि ओली माती असा. चुलीतली राख चोळली. पट्टेवाली कुंडीत. हिरवी फेकवेना, ज्यांनी सव्वा वर्ष घर चालवलं त्यांना उकिरड्यावर कसं टाकणार, त्यांना विहिरीच्या कडेला लावलं, जिथे पाटाचं पाणी झिरपतं.

आता विहिरीजवळ त्यांचं बेट झालंय, माझ्या डोक्याच्या वर. कुंडीतली जेवढे घोस देते त्याच्या पाचपट तिथे लोंबतात, मधमाश्या असतात दिवसभर. आणि एक गोष्ट मला फार आवडली ती सांगते. जपानच्या दक्षिणेला ओकिनावाची बेटं आहेत, तिथे ह्याच झाडाच्या पानात तांदळाच्या पिठाची मोची, म्हणजे चिकट वडी, गुंडाळून वाफवतात, त्यांच्या चांद्र बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी, मूची म्हणतात त्याला. वाचलं आणि मी हसतच सुटले, हे तर आपले पातोळे! आपण हळदीच्या पानात करतो, ते हिच्या पानात, एकाच कुळातली दोन पानं आणि आत तांदूळच. त्या बेटांवरही दरवर्षी वादळं येतात. गेल्या नागपंचमीला हळदीची पानं थोडी कमी पडली म्हणून मी विहिरीजवळची दोन पानं तोडून, पुसून, त्यात चार पातोळे केले. पान जाड, शिरा चांगल्या उठल्या, वास हळदीच्या पानाहून उग्र आणि जरासा गार. सासूबाईंनी अर्धा खाऊन बाजूला ठेवला. नातवाने दोन खाल्ले.

पुतणी आता पुण्यात असते, तिच्या मैत्रिणी लॉकडाऊनपासून ह्या व्हेरिगेटेड झाडांच्या मागे लागल्यात, मॉन्स्टेराची पांढऱ्या ठिगळांची कटिंग्ज हजारोंनी रुपये देऊन घेतात. एकीने गुलाबी पानांचं फिलोडेंड्रॉन घेतलं, सहा-आठ महिन्यांत नवीन पानं सगळी हिरवी. ते झाड गुलाबी नव्हतंच, रसायन देऊन पानं तात्पुरती गुलाबी केलेली असतात. ती मुलगी रडली म्हणे. मला तिचं खरंच वाईट वाटलं, कारण तिच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं, कुठला कोंब ठेवायचा आणि कुठला काढायचा हेसुद्धा नाही. मी पुतणीबरोबर तिच्यासाठी वेलचीचा एक तुकडा पाठवला, दोन पट्टेवाले डोळे असलेला, ओल्या काथ्यात गुंडाळून, आणि चिठ्ठीत लिहिलं, ही वेलची नाही, दुपारचं ऊन देऊ नकोस, आणि हिरवा कोंब आला की मला फोन कर.

तर गेल्या आठवड्यातला तो कोंब. आज सकाळी काढला. वरून कापला तर परत येतो, म्हणून बाजूची माती बोटांनी उकरत खाली कंदापर्यंत गेले, कुठे जोडला आहे ते चाचपलं, आणि तिथे सुरी लावली. मुळं चांगली धरली होती त्याने. राख लावून तासभर सावलीत ठेवला. दुपारी मळभ दाटून आलं तेव्हा विहिरीच्या कडेला, त्याच्या भावंडांच्या शेवटी, एक वीत खड्डा करून लावला, आणि पाणी घालायला तांब्या भरतेय तोच पावसाचे थेंब आले.